फालेसीची सहा वचनं

फालेसी मका कांडायला उभी राहिली की आधी शेजारच्या तीन घरांतल्या कोंबड्या गोळा होतात आणि मग मी. कोंबड्या सांडलेल्या दाण्यांसाठी येतात, मी माझं मुसळ घेऊन. एकाच उखळात दोघींची मुसळं, तिचं वर तेव्हा माझं खाली, असं चौदा वर्षं चाललं आहे. एवढ्या वर्षांत आमची मुसळं एकमेकांवर आपटली असतील तर ती माझ्याच चुकीनं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. खरं असलं तरी सांगायची काय गरज?

बाई बुटकी, खांदे मात्र एखाद्या गवंड्याला शोभतील असे. लिहितावाचता येत नाही. नवरा जाऊन वीस वर्षं झाली आणि त्यातली अठरा वर्षं तिनं भट्टी चालवली. मक्याच्या कोंड्यापासून निघणारी काचासू आमच्या डोवाच्या टेकड्यांत पुष्कळ बायका गाळतात, पण फालेसीच्या दारूसाठी माणसं दोन ओढे ओलांडून यायची. गाळताना फालेसी थेंबभर जिभेवर घ्यायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "अजून दोन लाकडं जळू देत." ते कधी चुकायचं नाही. मी कौतुक करत नाही, पण खोटं कशाला बोलू? माझा नवरासुद्धा त्या ओढ्यांपलीकडून आल्यासारखा परसातून जायचा.

थेंबावर भागत असतं तर ठीक होतं. भागत नव्हतं. मुलीच्या, एनिफाच्या, लग्नाची बोलणी करायला मुलाकडचे मामा आले, चटया अंथरल्या गेल्या, कोंबडी शिजली, आणि मुलीची आई भट्टीमागे तोंड उघडं टाकून झोपलेली. तिला मीच हलवून पाहिलं होतं. एनिफानं त्या दिवशी आईला शब्दानं दुखवलं नाही. ती लग्न होऊन राजधानीला, लिलाँग्वेला, गेली आणि परत या दारात आलीच नाही. ती गेल्यानंतरच्या रविवारी फालेसी पहिल्यांदा मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, येऊन शेवटच्या बाकावर बसली. भट्टीचं पिंप आणि तांब्याची नळी तिनं धाकट्या दिराला, योतामूला, देऊन टाकली. मी म्हटलं, "फोडून टाक ना." तर म्हणते, "नळी चांगली आहे गं, तिचा काय दोष?"

आता तुम्ही म्हणाल, भट्टी गेली, प्रश्न मिटला. पण मका कांडला की कोंडा निघतोच. रोज पीठ हवं म्हणून रोज कांडण, आणि रोज पायाशी कोंड्याची टोपली. एके दिवशी कांडता कांडता ती थांबली आणि हळूच म्हणाली, "चिसोमोच्या आई, ही टोपली माझ्याशी बोलते."

"काय म्हणते?"

"म्हणते, मला कोंबड्यांना घालतेस? लाज नाही वाटत?"

मला हसू आलं, पण ती टोपलीकडे पाठ करून उभी राहिली. मग मी बायबलचं पुस्तक आणलं, कुंपणाच्या काठीवर उघडं अडकवलं आणि एकेक वचन वाचून दाखवायला लागले. मुसळ पडेल तसा एक तुकडा मी म्हणायचा, दुसरं मुसळ पडेल तसा तिनं. वर जाताना अर्धं, खाली येताना अर्धं. टोपली बोलायला लागली की फालेसी दणक्यात वचन म्हणायची, कोंबड्या दचकून बाजूला व्हायच्या आणि टोपली गप्प बसायची. सहा महिन्यांत तिची सहा वचनं झाली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. मी वचनं वापरते ती बहुतेक नवऱ्यावर, त्यामुळे कुणीतरी ती योग्य जागी वापरतंय हे बघून बरंही वाटलं.

सहाच का, तर आमच्या मंडळीतल्या बायकांच्या संघाचा तसा नियम आहे. सहा वचनं तोंडपाठ, तीही पुस्तक न बघता, समितीसमोर. मग मापं घेतात, पांढरा ब्लाऊज आणि काळा स्कर्ट शिवतात आणि एका रविवारी सगळ्या मंडळीदेखत गणवेश घालतात. फालेसीला तो नुसता गणवेश नव्हता. एनिफानं निरोप पाठवला होता: आईला संघाच्या कपड्यांत उभं करा, मी त्या दिवशी येते. तोवर नाही. मुलीचं काय चुकलं? दारू सोडली असं फालेसीनं याआधी तीनदा सांगितलेलं होतं.

समितीच्या अध्यक्ष अमायी काचिंग्वे; वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानानं अमायी म्हणतो. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, त्यामुळे पाळकसुद्धा त्यांच्यासमोर शर्टाची गुंडी तपासतात. शिकाऊ बायकांना त्यांनी पहिल्याच दिवशी ख्रिस्ती माणसाची शस्त्रं शिकवली. विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आणि वचन म्हणजे आत्म्याची तलवार. फालेसीनं हात वर केला.

"अमायी, तलवार आमच्यात कुणाकडेच नाही. कोयता चालेल?"

"हे लढाईचं शस्त्र आहे, गवत कापायचं नाही."

"मग आमचे हे गेले ते कोयत्यानंच सापाशी लढले होते."

"खाली बसा."

पहिली परीक्षा मे महिन्यात झाली. फालेसी अंघोळ करून, डोक्याला नवं फडकं बांधून, समितीच्या पाच बायकांसमोर उभी राहिली. मी सेक्रेटरी म्हणून वही घेऊन कडेला बसले होते. अमायी म्हणाल्या, "पहिलं." फालेसीनं तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. काही नाही. तिचे दोन्ही हात छातीपाशी येऊन मुठी वळल्या, वर गेले, खाली आले, आणि खाली काहीच लागलं नाही म्हणून ती भांबावून जमिनीकडे बघत राहिली. मला तेव्हा कळलं मी काय करून ठेवलं होतं ते. वचनं तिच्या डोक्यात नव्हतीच, ती मुसळात होती.

"अमायी, तिला उखळ दिलं तर ती घडाघडा म्हणते," मी म्हटलं.

"आणि सैतान आला की काय करणार? थांब बाबा, उखळ आणते, असं सांगणार?" अमायींनी वही मिटली. "एक महिना. मग पुन्हा. तेव्हाही नाही आलं, तर पुढच्या वर्षी."

तो महिना माझ्या शत्रूवरही येऊ नये. मी तिला चटईवर बसवायचे, हात मांडीवर ठेवायला लावायचे. मांडीवर हात ठेवले की वचन गेलं. मग तिनं पाय आपटून पाहिला. जमलं, पण घरातली भांडी खाली आली. उपासनेत गुपचूप बाकावर बोटं आपटून पाहिली, तर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं मागे वळून तिला ढोलकी आणून देऊ का असं विचारलं. मी चिडून बोलायचे, ती चिडून बोलायची, आणि मग दोघी कांडायला जायचो, कारण पीठ कुणाच्या परीक्षेसाठी थांबत नाही. तिथं सहाच्या सहा वचनं अगदी सरळ यायची. मला ते मुसळ चुलीत घालावंसं वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. जून म्हणजे आमच्या टेकड्यांत थंडीचा महिना. वाटेत माझ्या सपातेचा पट्टा तुटला आणि मी तो गवतानं बांधत बसले. फालेसी धीर न धरवून पुढे गेली. ओढ्याच्या वळणावर योतामूचं अंगण आहे आणि अंगणात आता तिचं ते पिंप आहे. मी मान वर केली तेव्हा योतामू दुखऱ्या गुडघ्यानं पाय ओढत ओढत वाटेवर आलेला होता आणि त्याच्या हातात एनॅमलचा कप होता.

त्याच्या मुलीचं लग्न होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची दारू बिघडते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तो काहीतरी बोलत होता, ते मला ऐकू येत नव्हतं. फालेसीनं कप घेतला. कप तिच्या नाकापर्यंत गेलेला मी पाहिला. पुढचं केळीच्या पानांआड गेलं.

मी एक सपात हातात घेऊन धावले. पोचले तोवर फालेसी पुढे निघून गेली होती आणि योतामू रिकामा कप घेऊन उभा होता. "जा, जा तिच्यामागे," तो तुटकपणे म्हणाला. मी फालेसीला गाठलं. तिच्या हाताला आणि ओढणीच्या टोकाला काचासूचा वास येत होता. ती माझ्याकडे न बघता भराभर चालत होती. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. मनात एनिफाला काय निरोप पाठवायचा याची वाक्यंसुद्धा जुळवायला लागले.

समितीच्या खोलीत अमायींनी "पहिलं" म्हटलं आणि फालेसी पुन्हा मुकी उभी राहिली. मुठी वळल्या, वर गेल्या, आणि त्याबरोबर वास सगळ्या खोलीत पसरला. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. अमायी काचिंग्वे खुर्चीतून उठून तिच्यासमोर आल्या.

"हा वास कसला?"

"काचासूचा," फालेसी म्हणाली.

"कुठे होतात?"

"वाटेवर. योतामू आडवा आला." ती घाबरलेली होती, आणि घाबरली की ती भरभर बोलते. "म्हणाला, वहिनी, लग्नाची दारू आहे, तयार झाली का नाही कळत नाही, नुसतं जिभेला लाव आणि सांग. कप हातात कोंबला. मी वास घेतला अमायी, ते मी घेतलं, खोटं नाही बोलणार. वासच सांगत होता की कच्ची आहे. तोंडाला पाणी सुटलं. मग मी त्याला म्हटलं, माझं शरीर देवाच्या आत्म्याचं मंदिर आहे, मी माझी मालकीण राहिले नाही. तो म्हणतो, मंदिर नको, जीभ दे. जीभ काय मंदिराबाहेर राहते का?"

कुणीतरी खुदकन हसलं. अमायींनी एक बोट मिटलं. ते फक्त मला दिसलं.

"मग म्हणतो, तू कोण ते सगळी टेकडी ओळखते, भट्टीवाली फालेसी, आता कुणाला नाटक दाखवतेस? मी म्हटलं, जो ख्रिस्तात आहे तो नवी उत्पत्ती आहे, जुनं ते होऊन गेलं. भट्टीवाली मेली. तिला ओळखत असशील तर तिच्या मातीला ये." दुसरं बोट. "मग तो रडायलाच लागला हो. पाहुण्यांपुढे नाक कापलं जाईल, दुसरा काही मार्गच नाही म्हणाला. तेव्हा मला वाईट वाटलं. माझंही नाक पाहुण्यांपुढेच कापलं गेलं होतं. पण मी म्हटलं, देव सोसवेल त्यापलीकडे परीक्षा होऊ देत नाही, परीक्षेबरोबर सुटायचा मार्गही देतो, आणि माझा मार्ग हा इथून मंडळीकडे जातो. तुझ्या मुलीसाठी थोब्वा, मक्याचं गोड, न चढणारं पेय, मी स्वतः करून देईन, दोन घागरी, पण या कपाला तोंड लावणार नाही."

तीन. तीन वचनं, तीही उखळाशिवाय. मी वहीत खुणा करायला विसरले होते.

"तरी हलेना. मी मनात म्हटलं, आपल्या बुद्धीवर टेकू नकोस फालेसी, पूर्ण मनानं प्रभूवर टेक. कारण बुद्धी म्हणत होती, एक थेंबच तर आहे. मग शेवटचं मोठ्यानं म्हटलं, सैतानाला अडवा म्हणजे तो तुमच्यापासून पळेल. पण योतामू पळतो कुठला? त्याचा गुडघा दुखतो. म्हणून मी त्याच्यासमोर कप जमिनीवर ओतला, त्याच्या हातात दिला आणि मीच पळाले. तेव्हा सांडली हातावर. हे एवढंच झालं अमायी. प्यायले नाही."

खोलीत आता सगळ्याच हसत होत्या. अमायींची पाच बोटं मिटलेली होती.

"एवढंच?" त्यांनी विचारलं. आवाज शाळेतला नव्हता.

फालेसीनं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "चिसोमोची आई मागून आली. तिला वास आला. तिनं काही विचारलं नाही, अमायी. विचारलं असतं तर सांगितलं असतं. ती नुसती माझ्या हाताकडे बघत चालत होती. योतामूपुढे मला भीती नव्हती वाटली, तिच्यापुढे वाटली. मग अख्खी वाट म्हणत आले, परमेश्वर माझा प्रकाश, मी कुणाची भीती बाळगू? कुणाची भीती बाळगू? तरी वाटतच होती."

सहावं वचन माझ्यावर चाललं होतं. तलवार लागते म्हणतात ते काय, हे मला त्या दिवशी कळलं. चौदा वर्षं एका उखळात मुसळ घातलेल्या बाईला मी एक शब्द विचारला नव्हता. मी उठले, वही खाली पडली ती पडू दिली, आणि तिचा तो वास येणारा हात धरून म्हटलं, "मला माफ कर फालेसी. मी तुला प्यायलेली समजले होते."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीसुद्धा तेच समजले असते."

अमायी काचिंग्वे पाठमोऱ्या होऊन खिडकीशी उभ्या होत्या. मग वळल्या. चष्मा पुसून नाकावर चढवला.

"चिसोमोच्या आई, टेप आणा. हिच्या ब्लाऊजचं माप घ्या. खांदे नीट मोजा. आणि एनिफाला आजच फोन लावा."

फालेसीनं घाईनं दोन्ही हात मागे नेले आणि भिंतीला चिकटून ताठ उभी राहिली.

"असं नको अमायी," ती म्हणाली. "आधी परीक्षा तर घ्या."