बेस्नार्टची चूक संदेष्ट्याच्या तोंडी

कासामा गावातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत बाहेरून कुणी इंग्रजी बोलणारा उपदेशक आला, की त्याचं बोलणं आमच्या बेंबा भाषेत सांगायला बेस्नार्ट न्कोलेच लागायची. शिवणकाम करून पोट भरणारी बाई, पण उपदेशक रडला की ही रडायची, तो गरजला की ही गरजायची. कित्येकदा त्याच्यापेक्षा हिचंच प्रवचन बरं व्हायचं! दोष एकच, पोटात काही राहायचं नाही. सतरा वर्षं मी गायनमंडळात तिच्या मागे उभी राहतेय, मला विचारा.

तीन वर्षांपूर्वी पाळकांनी राजधानीहून एक संदेष्टा बोलावला, देव आपल्याशी बोलतो म्हणणारा. तो रविवारी येणार होता आणि त्याचा माणूस, सिलुंबू, लाउडस्पीकर बघायला म्हणून गुरुवारीच हजर. उतरला बेस्नार्टकडे. तिनं मक्याच्या पिठाची न्शिमा रांधली, सुके मासे तळले. गृहस्थ मोठा गोड. "आई, इथं प्रार्थनेची गरज कुणाला आहे हो?" एवढंच विचारायचा. झालं! हिची टकळी सुरू. शेजारच्या बाना मपालोच्या, म्हणजे मपालोच्या आईच्या, घरचंही सगळं सांगून मोकळी झाली. मुलीला फिट येतात, दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत, आजी म्पोरोकोसो गावाला असते.

आजीच्या बाबतीत मात्र तिची गल्लत झाली. म्पोरोकोसोची आजी दुसऱ्याच घरातली. मपालोच्या दोन्ही आज्या कधीच वारलेल्या. शुक्रवारी तिच्या ध्यानात आलं, तेव्हा मला म्हणाली, "जाऊ दे गं, त्याला काय करायचंय?"

रविवारी संदेष्ट्यानं डोळे मिटले. "इथं एक मुलगी आहे, तिला झटके येतात." बेस्नार्टनं ते बेंबात सांगितलं आणि बाना मपालो लेकीला ओढत पुढे धावली. संदेष्टा पुढे म्हणाला, "म्पोरोकोसोला हिची आजी आहे. तिनं करणी केलीय. आज प्रभू ती तोडतोय. गोळ्या टाकून दे!"

बेस्नार्ट तिथंच थांबली, हे बेंबात सांगेना. पण इंग्रजी निम्म्या लोकांना कळतंच. बाना मपालो "आमेन!" म्हणून ओरडली. नवऱ्याची कुणी लांबची मावशी त्या बाजूची होती म्हणे, हिनं मनातल्या मनात तिलाच आजी करून टाकलं, आणि गोळ्यांची बाटली व्यासपीठावर ठेवली.

"सांग ना, बाई!" पाळक दात-ओठ खात म्हणाले.

"हे नाही सांगणार," बेस्नार्ट माइकवरच म्हणाली. "म्पोरोकोसोचं ते देवानं नाही सांगितलं. गुरुवारी याच्या माणसाला मी सांगितलं, जेवता जेवता. तेही चुकून. माझी चूक देव कशाला करेल?"

पाळकांनी तिच्या हातून माइक हिसकावला. आम्हाला गायची खूण केली. लाज वाटते सांगायला, मी गायले.

नंतर अंगणात बेस्नार्टनं व्यासपीठावरची ती बाटली आणून बाना मपालोपुढे धरली. ती फणकारली, "माझ्या पोरीचं दुखणं परक्याला जेवणासोबत वाढलंस! आणि आता ती बरी होतेय तर जळतेस?"

"चुकलं माझं. शिव्या घाल मला, रोज घाल. पण गोळी दे तिला."

तिनं बाटली घेतली नाही.

मंगळवारी मपालोला फिट आली. ती चुलीवर पडली. डावा हात कोपरापर्यंत भाजला. अकरा वर्षांची पोर! माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो.

पुढच्या रविवारी पाळक म्हणाले, "बेस्नार्टच्या अविश्वासामुळे आशीर्वाद मोडला." माना डोलल्या. तेवढ्यात बाना मपालो उठून उभी राहिली.

"पाळकसाहेब, पोरीला आजी आहेच कुठे? मी पण वेडी, आमेन म्हणाले. पण बेस्नार्ट जिथं चुकली, नेमका तिथंच तुमचा देवमाणूसही कसा चुकला?"

पाळकांनी गाणं सुरू करायला सांगितलं. या वेळी मी तोंड उघडलं नाही.

माइक बेस्नार्टला पुन्हा कधी मिळाला नाही. बाना मपालो तर तिच्याशी आजही बोलत नाही. परवा मी म्हटलं, "तीन वर्षं झाली, जाऊन समजूत तरी काढ."

बेस्नार्टनं मशीन थांबवलं नाही. म्हणाली, "न बोलू दे. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज येतो, 'मपालो, गोळी घेतलीस का?' मला तेवढं पुरे."