गंगावेशीतली शिट्टी

गडहिंग्लजच्या स्टँडवर एसटी सुटता सुटता मावशीने खिडकीखालून बजावलं, "संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायल्याशिवाय परत यायचं नाही!" नाशिकहून आम्ही चार दिवसांसाठी तिच्याकडे आलो होतो आणि त्यातला एक दिवस कोल्हापूर बघायचं, असं मी मुलांना कबूल केलं होतं. मुलं म्हणजे बारा वर्षांची मुक्ता आणि आठ वर्षांचा नील. नीलला जन्मापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांत यंत्रं असतात, तरी समोरच्याने जरा मोठ्याने, त्याच्याकडे तोंड करून बोलावं लागतं. ते लोकांना सांगायचं काम माझं. दुकानात, बसमध्ये, लग्नकार्यात, सगळीकडे. त्यामुळे नवं गाव म्हटलं की मी आधी तीच वाक्यं मनात जुळवायला लागते.

दोन्ही बाजूंचा ऊस संपून शहर कधी लागलं ते कळलंच नाही. स्टँडजवळच्या एका छोट्या हॉटेलात मिसळ मागवली. इथे मिसळीबरोबर पाव नव्हे, ब्रेडचे जाड काप येतात. वाढणारे काका लांबूनच ओरडले, "काय पावणं (पाहुणे), कट (तिखट रस्सा) आणू काय अजून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर नील म्हणाला, "थोडाच आणा. तिखट आहे."

"त्याला जरा कमी..." मी सवयीने सुरुवात केली.

"ऱ्हावा की ताई, बोलतोय न्हवं त्यो!" काका म्हणाले. रागावले नव्हते ते. त्यांचा साधा आवाजच तेवढा होता.

मग दिवसभर हेच. अंबाबाईच्या देवळाबाहेरच्या फुलवाल्या मावशी, रांगेत पुढे सरका म्हणणारा माणूस, रिक्षावाले, सगळे जणू शेताच्या पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोलत होते. देवळाच्या काळ्या दगडी भिंतीवर वाद्यं वाजवणाऱ्या बायका कोरल्या आहेत. नील एकेकीसमोर थांबून तिच्या हातात काय आहे ते बघत राहिला. मागून एक आजोबा गरजले, "ती मृदंग वाजीवती बघ, बाळा!" नीलने वळून "हो का?" विचारलं आणि दोघांची चर्चा सुरू झाली. मी बाजूला उभी. मला काही कामच उरलं नव्हतं.

खासबागेत त्या दिवशी कुस्त्या नव्हत्या. रिकामं मैदान एखाद्या मोठ्या परातीसारखं दिसत होतं. मुलं धावत वरच्या पायरीवर गेली. खाली पाणी मारणारा माणूस तिथूनच त्यांना सांगू लागला, "कुठंबी बसा, पैलवान दिसतोयच! अशी बांधणी हाय!" वरून नीलने हात हलवला. एवढ्या लांबचं त्याला ऐकू गेलं होतं. मीही खालून हात हलवला.

कोल्हापुरी चपलांच्या दुकानांची रांग असलेल्या चप्पल लाईनीत मुक्ताने करकर वाजणाऱ्या चपला घेतल्या. रंकाळा तलावावर वारा खात तासभर बसलो, आणि उन्हं उतरल्यावर गंगावेशीत पोचलो. इथे रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या असतात आणि समोर धार काढून थेट पेल्यात दूध देतात. आमच्यासाठी धार काढणारे दादा धिप्पाड, मिश्या पांढऱ्या. फेसाने भरलेला कोमट पेला नीलने दोन्ही हातांनी तोंडाला लावला. तेवढ्यात शेजारच्या म्हशीने मान झटकली, शिंग त्याच्या कानाजवळून गेलं, तो दचकून मागे सरला. पेला पडला. आणि त्याने उजव्या कानाला हात लावला.

"आई, मशीन!"

मी खाली बसून शोधू लागले. शेण, चिखल, वैरण, माणसांचे पाय. बोटाच्या पेराएवढी वस्तू. दादांना मी कसंबसं सांगितलं, "कानातलं आहे हो त्याच्या, ऐकायचं..."

पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत. "कुणी हलायचं न्हाय!" असा आवाज दिला, तशी दूध प्यायला आलेली माणसं पेले धरून जागच्या जागी उभी राहिली. शोधाशोध सुरू झाली. प्रत्येक जण दुसऱ्याला ओरडून जागा दाखवत होता. मिनिटं जात होती. म्हैस मात्र समोरची वैरण शांतपणे खात होती.

अचानक मुक्ता ओरडली, "सगळे गप्प बसा! ते शिट्टी मारतं!"

दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. "पोरगी काय म्हणती? आवाज बंद!"

आणि दिवसभर गरजणारं ते कोल्हापूर गप्प झालं. कुणीतरी मोटारसायकल बंद केली. म्हशींचं रवंथ तेवढं ऐकू येत होतं. मग बारीक, किड्यासारखा आवाज आला. मुक्ता गुडघ्यांवर रांगत वैरणीपाशी गेली. दादांनी म्हशीचं तोंड दोन्ही हातांनी वर धरलं, आणि तिने ओल्या गवताच्या पेंढीतून यंत्र बाहेर काढलं. पुन्हा एकदम गलका झाला. नीलने ते माझ्या ओढणीला पुसून कानात घातलं आणि हसत दोन्ही कान झाकले, "किती ओरडतात!"

दादांनी दुसरा पेला भरला. "ह्यो पोरीला," म्हणाले.

परतीच्या एसटीत नील माझ्या मांडीवर झोपला. अंधार पडत होता. मी मुक्ताला विचारलं, "शिट्टीचं तुला कसं सुचलं गं?"

"रोज ऐकते ना. मुठीत धरलं की ते वाजतं. वाजलं म्हणजे सेल चालू आहे." ती खिडकीबाहेर बघत होती. "तू सकाळी डबे भरत असतेस तेव्हा बघते मी. एकदा शाळेत त्याचे दोन्ही सेल संपले होते. तो दिवसभर काही न ऐकता बसून राहिला, नंतर फक्त मला सांगितलं. तेव्हापासून."

हे मला माहीत नव्हतं. नीलचं सगळं मीच बघते, असं मी इतकी वर्षं समजत होते.

"सांगितलं का नाहीस मला?"

"तू घाबरली असतीस."

एसटीने कागल मागे टाकलं. मी तिचा हात हातात घेतला. बोटांना अजून वैरणीचा वास येत होता.