मेल पुसायच्या नाहीत म्हणजे नाहीत

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नवापूरच्या ऑफिसात एकाचीही मेल उघडेना. आमचा धंदा कोंबडीची पिल्लं पुरवण्याचा, आणि बुकिंग सगळं मेलवर... ज्याची मेल आधी, त्याला पिल्लं आधी.

समोर आमचे पोल्ट्रीवाले गावितकाका बसलेले. शेड धुऊन, चुना मारून तयार, या खेपेला त्यांचा नंबर होता. आणि तो त्या मेलमध्येच अडकलेला.

सर्व्हर बसवून देणाऱ्या पुण्याच्या साहेबांना फोन लावला. त्यांनी धड ऐकूनही घेतलं नाही. डेटाबेस खराब झालाय म्हणे, सगळं पुसून नव्याने टाका, जुन्या मेल गेल्या समजा... वर, "मॅडम, तुम्हाला ते जमायचं नाही."

डोकंच फिरलं माझं. गेल्या समजा म्हणजे? काकांनी परत रांगेत शेवटी उभं राहायचं?

ऑफिसातले कॉम्प्युटर मीच सांभाळते. आमच्या मालकांना, अण्णांना, सरळ सांगितलं... मी बघितल्याशिवाय काहीही पुसलं जाणार नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "पहिले तू देखी ले. तवलोंग कोनी हात लावाव नही."

बसले मग सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, वाचत. सर्व्हर म्हणत होता, फाईल सापडत नाही. फाईल खराब आहे असं तो कुठेच म्हणत नव्हता!

आमचे अकाउंटंट जिभाऊ, त्यांना विचारलं. खंडेनवमीला मशीनची पूजा त्यांनीच केलेली. सगळ्या वायरी काढून पुसापुशी, हळदकुंकू, झेंडू... आणि परत लावताना जी वायर जिथे बसली तिथे खोचली.

झालं. मेलच्या हार्डडिस्कला कॉम्प्युटरने दिलेलं अक्षर 'ई' होतं, ते 'एफ' झालेलं. वायर बदलून पाहिली, अक्षर ढिम्म हलेना. डेटाबेस आपला ठणठणीत, सर्व्हर मात्र जुन्याच पत्त्यावर शोधतोय.

आधी सगळ्याची कॉपी घेतली. मग सेटिंगमध्ये एकेक पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता, बदलला. रीस्टार्ट केलं तर पुन्हा एरर... एक पाथ राहून गेला होता. तोही बदलला, आणि मेल धडाधड उतरायला लागल्या. काकांची सगळ्यात वर.

दुपारी पुण्याहून साहेबांचा फोन. मेल सुरू झाल्या म्हटल्यावर म्हणतात, "कुणाला बोलावलंत? सुरतहून कोणी आलं का?" म्हटलं, कुणाला कशाला बोलावू... मी आहे ना इथे.

अण्णा, तुम्ही मला बसू दिलंत, थँक्यू. यापुढेही कुणी न बघता पुसा म्हणालं, तर मी नाहीच म्हणणार. गावितकाकांच्या शेडमध्ये गुरुवारी पिल्लं उतरली.