मुद्देमाल पाखऱ्या

शिपायाने पुकारा केला की तो टोपी काढून काखेत धरायचा, पुढे यायचा आणि म्हणायचा, "दोगं हजर हाव, साहेब."

दोघं म्हणजे तो आणि त्याचा बैल. तो न्यायाधीशांसमोर, बैल कोर्टाबाहेर टेम्पोत.

कल्याण कोर्टात तुम्ही कधी तारखेसाठी ताटकळला असाल, तर तुम्हीही त्या दोघांना पाहिलं असेल. पांढराशुभ्र, भरल्या अंगाचा बैल टेम्पोतून आमच्या काळ्या कोटांकडे बघत रवंथ करायचा. पक्षकार त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायचे. मी त्याचा वकील. म्हणजे माणसाचा, बैलाला वकील नसतो.

शीळफाट्याजवळच्या गावातला हा आगरी माणूस. बहुतेक शेतांवर टॉवर उभे राहिल्यावर भावांनी गाड्या घेतल्या आणि याने शर्यतीचा बैल घेतला. नाव पाखऱ्या. एका विनापरवाना शर्यतीवर पोलिसांची धाड पडली. बैलाला क्रूरपणे पळवल्याचा गुन्हा याच्यावर लागला, याला जागेवर जामीन मिळाला आणि पाखऱ्या जप्त होऊन गोशाळेत गेला. बऱ्याच खटपटीनंतर मी तो सोडवून आणला, पण हमीपत्रावर: कोर्ट सांगेल तेव्हा मुद्देमाल हजर करीन. याने सही केली, आणि मग ती हमी अशी पाळली की काही विचारू नका.

पहिल्याच तारखेला टेम्पो बघून मी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनीही त्याला समजावलं, मागितल्याशिवाय बैल आणायची गरज नाही. त्याने मान डोलावली. पुढच्या तारखेला टेम्पो पुन्हा दारात. मी चिडलो, तर थंडपणे म्हणतो कसा, "या साहेबाची बदली झाली, नि नव्यानं मागला तं?" बदली खरंच झाली. नव्या साहेबांनी बैलाचं नावही काढलं नाही, पण आपलंच बरोबर होतं अशी याची खात्री पटली. आता बोला!

"यो सुटंल कवा?" हा त्याचा दर तारखेचा प्रश्न. मी सांगायचो, अहो दादा, आरोपी तुम्ही आहात. बैल कायद्याने मालमत्ता. मारामारीतल्या काठ्या, चोरीचे मोबाईल मुद्देमालाच्या खोलीत पडलेत ना, हा त्यांच्यातलाच. मालमत्तेवर खटला चालत नाही, मग सुटका कसली? पालथ्या घड्यावर पाणी. गोशाळेतून पाखऱ्या बाहेर आला तेव्हा त्याच्या बरगड्या दिसत होत्या, आणि गावात लोक त्याला 'जेलात जाऊन आलेला' म्हणत. हे याला फार लागलं होतं. निर्दोष सुटलास की तुझी गुलाल उधळत मिरवणूक काढीन, असं त्याने कबूल केलं होतं. कबूल केलं होतं बैलाला. मला हसू आलं, पण तो गंभीर होता.

तारखा पडत राहिल्या. पंच साक्षीला येईनात. पाखऱ्या म्हातारा झाला. टेम्पोत चढताना त्याचा मागचा पाय घसरायचा आणि हा खालून खांदा द्यायचा. एका सकाळी याचा फोन आला. बैल गेला होता. आवाज अगदी सरळ होता. विचारत होता, वावरात माती देऊ, का मुद्देमाल म्हणून कोर्टात आणू?

वकिलीत इतकी वर्षं काढली, पण असं कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, कोर्टाची परवानगी अशी पळापळ करून दुपारी आदेश घेऊन मी स्वतः गेलो. तो उन्हात बैलाच्या तोंडावरच्या माश्या वारत बसला होता. परवानगी मिळाली म्हटल्यावर उठला आणि त्याने कुदळ घेतली.

पुढे निकाल लागला. पुराव्याअभावी आरोपी निर्दोष. बाहेर येऊन मी हात पुढे केला, तर म्हणाला, काय लिहिलंय ते सांगा. मी सांगितलं: तुम्ही सुटलात, हमीपत्र रद्द, आणि मुद्देमाल मेल्यामुळे त्याबद्दल आदेश नाही.

"मंग तो निर्दोष हाय, असा कंच्या कागदावर हाय?"

कुठल्याच नाही, मी म्हटलं.

"मना तं येक दिस पन नाय कोंडला," तो म्हणाला. "कोंडला त्याला."

मी आपलं वकिली बोलून मोकळा झालो, की निकालाची नक्कल मिळेल, येऊन घेऊन जा.

"नको," तो म्हणाला. "माझ्या येकट्याची घेऊन काय करू?"

त्यानंतर तो कोर्टात दिसला नाही.