विहीणबाईंचा पहिला तास

माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंना मी पहिल्याच भेटीत सतरंजीवर बसवलं आणि हातात पाटी दिली. (त्यांनी आणलेले पेढे परत केले, ते त्याच्याही आधी.)

आम्ही कोलशेतला राहतो. माझी बायको सुनीता शाळेतून रिटायर झाल्यापासून दर रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये बायकांचा मोफत वर्ग चालवते. मासे विकणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, लहानपणी शाळेची पायरी न चढलेल्या अशा बायका येतात. मी सतरंजी अंथरतो आणि पाट्या पुसतो. बढती मिळावी अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

त्या रविवारी पाच वाजता ऋताला बघायला आंबिवलीची मंडळी येणार होती. मुलगा ऋताच्या ऑफिसातला, तिनंच पसंत केलेला. आता त्याच्या आईवडिलांचा होकार तेवढा यायचा होता. ऋता रात्रभर झोपली नव्हती.

"आज वर्गाला सुट्टी देऊ," सुनीता म्हणाली.

"शिक्षणात खंड नको," मी म्हणालो. "चारपर्यंत मी घेतो. तुम्ही दोघी आत तयारी करा."

"बाबा, आज तुम्ही जरा कमी बोला," ऋतानं एवढंच मागितलं.

आमच्या वर्गाची एक पद्धत आहे. नवी बाई आली की ती पहिल्यांदा नवऱ्याचं नाव लिहिते. तोंडानं नाव घ्यायला यांना लाज वाटते, पण पाटीवर लिहायला मात्र भारी मजा येते. फक्त नवऱ्याचं नाव सोपं हवं. कोळीवाड्यातल्या हिराबाईंचा नवरा कृष्णा, त्याच्यात दोन महिने गेले.

तर हिराबाईंनी आल्याआल्याच सांगितलं, "सर, आज माजी नणन येनार हाय. लय लाजते. दारानशीच पलून जाईल. तिला सोरू नको."

आणि नेमका त्या दिवशी घोडबंदर रोडला ट्रॅफिक नव्हता. (असा दिवस पुन्हा आलेला नाही.) साडेतीनलाच बेल वाजली. दारात नव्या साडीतल्या एक बाई, हातात पिशवी, चेहऱ्यावर आता पळावं की नंतर असा भाव.

"आम्ही आंबिवलीवरनं..."

"एवढ्या लांबून!" मला गहिवरून आलं. पाहुणे पाचला येणार होते, म्हणजे ही हिराबाईंचीच नणंद; कोळीवाड्यातली नणंद आंबिवलीला दिलेली असू शकते, हे मी स्वतःच ठरवून टाकलं.

"हे खाली गाडी लावतायत..."

"नवरा सोडायला आलाय? असेच नवरे पाहिजेत. या, बसा. अहो, पेढे कसले? आमच्याकडे फी नसते. ठेवा पिशवीत."

हिराबाई म्हणाल्या, "सर, ही माजी नणन..."

"कळलं. तुमची नणंद. तासाला बोलायचं नाही."

"नाय पन, सर..."

"हिराबाई!"

मी बाईंना पाटी दिली आणि नवऱ्याचं नाव विचारलं. त्या लाजून लालबुंद झाल्या. शेवटी त्यांनी हिराबाईंच्या कानात सांगितलं आणि हिराबाईंनी जाहीर केलं, "जगन."

ज, ग, न. पहिल्या दिवसाला असा बिनकाना-मात्रेचा नवरा मिळायला नशीब लागतं. मी खूश झालो आणि माझा आवाज चढला. "पेन्सिल दाबू नका! जचा दांडा कुठाय?" बाईंना घाम फुटला. हिराबाईंनी त्यांचा हात धरला आणि दोघींनी मिळून ज काढला.

ग झाला, आणि दारात दोन पुरुष उभे राहिले. तरुणाचा फोटो मी पाहिला होता. त्याच क्षणी आतलं दार उघडून पैठणीतली ऋता आणि पोह्यांचा ट्रे घेतलेली सुनीता बाहेर आल्या. तेवढ्यात जिन्यावर हिराबाईंची खरी नणंद आली आणि एवढी गर्दी बघून पळून गेली.

"आई, तू खाली काय बसलीस?" मुलगा म्हणाला.

ऋतानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही. माझ्या बडबडीनं पोरीचं जमलेलं लग्न मोडलं, याबद्दल मला काही शंका उरली नाही.

"थांबा जरा," सतरंजीवरून आवाज आला. "न राहिलाय."

त्यांनी न काढला, या वेळी एकटीनं. मग पाटी नवऱ्यासमोर धरली. जगनराव बराच वेळ ती वाचत राहिले. "तू लिवलं?" त्यांनी विचारलं आणि रुमाल शोधायला लागले.

"मला लिहायवाचायला येत नाय," बाई सुनीताला म्हणाल्या. "सून एवढी शिकलेली, तिला माझी लाज वाटंल म्हणून रस्ताभर मी यांना गाडी परत फिरवा म्हणत होते. आणि इथं आल्याबरोबर सरांनी पाटीच दिली. मला वाटलं, शिकलेल्या लोकांत आधी सासूची परीक्षा घेत असतील."

ऋता पैठणी सावरत त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "माझं नाव पण सोप्पं नाहीये, आई. ते आपण सावकाश घेऊ." सुनीता डोळे पुसायला आत गेली, ती पोह्यांचा ट्रे घेऊनच. मलाही रडू येत होतं, पण कमी बोलायचं असल्यामुळे मी गप्प होतो.

पोहे परत बाहेर आले, पेढे सन्मानानं स्वीकारले गेले आणि बोलणी सुरू झाली. जगनराव म्हणाले, "आमचा होकार हाय. देण्याघेण्याचं काय नाय. पण हिची एक अट हाय."

आम्ही सावरून बसलो.

"मी दर रविवारी येणार," विहीणबाई म्हणाल्या. "पण शिकवायला बाईच पाहिजेत. हे सर लय वरडतात."

तर त्या दिवशी मंडळींना मुलगी पसंत पडली, घर पसंत पडलं, पोहे तर दोनदा मागून घेतले. अख्ख्या कार्यक्रमात नकार आला तो फक्त मला.