डोळ्यातला ठिपका

पावडरकाका बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत. आधी कपाळ, मग नाकाचा शेंडा, मग हनुवटी, असं त्यांचं बघणं चालायचं. नवं गिऱ्हाईक बिचकायचं आणि नकळत रुमाल काढून तोंड पुसायचं. काकांना तेच हवं असायचं. घामामुळे, तेलामुळे नाहीतर फ्लॅशच्या उजेडाने चेहऱ्यावर पांढरा चट्टा पडतो ना, तो त्यांना फोटो काढायच्या आधीच दिसायचा. "आधी तोंड पुसा, मग माझ्याकडे या," म्हणत ते टेबलावरचा पावडरचा डबा पुढे करायचे. त्या डब्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. खरं नाव त्यांच्या रेशनकार्डाबाहेर कुणी वापरलं असेल असं मला वाटत नाही.

घाटकोपरच्या आमच्या स्टुडिओत ते मालक नीलेशभाईंच्या वडिलांच्या वेळेपासून होते. निगेटिव्हवर पेन्सिलने सुरकुत्या भरायच्या काळात मालवणहून आलेला हा माणूस पन्नाशीत माऊस धरायला शिकला, आणि असा शिकला की बोरिवली-मुलुंडचे फोटोग्राफर लग्नातले चेहरे त्यांच्याचकडे रिटचिंगला पाठवायचे. मी अल्बम जुळवायच्या कामाला लागले तेव्हा माझी खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला होती. पुढची नऊ वर्षं ती तिथेच राहिली.

माझ्या गालांवर कॉलेजच्या वयातल्या मुरुमांचे खड्डे आहेत. स्थळांना पाठवायला फोटो काढला तेव्हा मी काकांना म्हटलं, "सगळं साफ करून टाका." त्यांनी चांगला अर्धा तास घेतला. बघते तर खड्डे जिथल्या तिथे, फक्त त्यांच्यातली सावली हलकी झालेली आणि नाकावरचं तेल गेलेलं. मी रडकुंडीला आले. काका शांतपणे म्हणाले, "उद्या मुलगो बघूक येतलो, तेव्हा काय तोंडासमोर स्क्रीन धरून बसतलंस?" मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. पण तो फोटो बघून आलेला मुलगा मला बघून गोंधळला नाही. आज तो माझा नवरा आहे आणि फोटो अजून त्याच्या पाकिटात आहे.

"चमक पुसायची नसते गो, निववायची असते," हे त्यांचं रोजचं पालुपद. पुसली की तोंड पिठात बुडवल्यासारखं दिसतं. ते माऊसने शेजारच्या गालाची कातडी उचलायचे आणि पांढऱ्या चट्ट्यावर इतक्या हलक्या हाताने फिरवायचे की दहा वेळा फिरवूनही काही बदललं असं वाटायचं नाही. मग एकदम लक्षात यायचं, की माणूस आता घामाघूम दिसत नाहीये. डोळ्यांकडे ते अगदी शेवटी यायचे. बुबुळात दिव्याचा एक बारीक पांढरा ठिपका असतो. तीही चमकच, पण तिला हात लावायचा नाही. एकदा घाईत मी एका नवरदेवाचा ठिपका डाग समजून पुसला, तर त्यांनी माझ्या हातातला माऊस काढून घेतला. "तो ठिपको गेलो काय माणूस गेलो," ते म्हणाले, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही.

आणि तोच ठिपका पुढे त्यांनीच रिटच केलेल्या फोटोंतून गेलेला मला दिसला.

त्याआधीची लक्षणं मी बघून न बघितल्यासारखी केली होती. त्यांनी स्क्रीनचा उजेड पार खाली आणला होता. डोक्यावरच्या ट्यूबलाइटला खाकी कागद चिकटवला होता. "सगळ्यांच्या तोंडावर हल्ली काय चमक असते रे बाबा!" म्हणत ते कपाळं निववत बसायचे आणि कपाळं राखेसारखी काळपट व्हायची. मग एका साखरपुड्याच्या फायली मी अल्बमसाठी उघडल्या. नवरीचे डोळे काळेभोर आणि मेलेले. पहिल्या फोटोत, दुसऱ्यात, सगळ्यात. त्यांच्या अधू होत चाललेल्या डोळ्यांना उजेडाभोवती जे वलय दिसत होतं, ते त्यांनी इमानाने पुसून टाकलं होतं.

मी शेजारी बघितलं. काका नाक स्क्रीनला टेकेल इतके पुढे वाकून काम करत होते.

सांगायला हवं होतं. पण नेमकं त्याच महिन्यात नीलेशभाईंनी एक नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. एक बटण दाबलं की दोनशे चेहरे गुळगुळीत. "काकांना मी काढणार नाही यार सुजाता," ते मला म्हणाले होते, "पण काही कारण मिळालं तर मी तरी काय करू?" काकांना घरी कुणी नव्हतं. ती खुर्ची गेली असती तर ते सकाळी उठून कुठे गेले असते? शिवाय त्यांच्या आईचा एक डोळा गावाकडे ऑपरेशननंतर कायमचा गेला होता, आणि "मी मरान, पण डोळ्याक सुरी लावून घेवचंय नाय," हे मी त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं.

मग मी रोज एकच करू लागले. काका डबा खायला मागच्या खोलीत गेले की त्यांच्या तयार फायली उघडायच्या, मूळ फोटोतले डोळे उचलून परत बसवायचे, कपाळं उजळायची. पंचवीस मिनिटं मिळायची. एक डोळा स्क्रीनवर, कान मागच्या खोलीकडे. पाणी प्यायचा आवाज आला की दोन मिनिटं उरली, डब्याचं झाकण वाजलं की एक. ते येऊन बसायचे आणि हातरुमालाला हात पुसत म्हणायचे, "तू जेवलंस नाय?" मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. असे चार महिने गेले.

नीलेशभाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. हॉलच्या दारात लावायला नवरीचा माणसाएवढा फोटो हवा होता आणि तो काकांनीच करायचा असा हट्ट त्या बहिणीने धरला होता. माझ्या मुलीच्या शाळेत सभा होती म्हणून त्या दिवशी मी दुपारनंतर आले. येईपर्यंत काकांनी फाइल साकीनाक्याला छापायला पाठवूनही दिली होती. मी छापखान्यात फोन केला तर प्रिंट निघाली होती. तासाभराने रिक्षातून गुंडाळी आली. नीलेशभाईंनी ती काउंटरवर उलगडली.

हसरी मुलगी, अंगभर शालू, आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे.

"हे कोणी केलं?" नीलेशभाईंचा आवाज चढला होता.

"मी," मी म्हटलं. "शेवटचा हात मी फिरवला होता."

काका खुर्चीतून उठले. फोटोवर वाकले, इतके की त्यांचा श्वास कागदावर उमटला. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. मग माझ्याकडे न वळता विचारलं, "सुजा, डोळ्यात ठिपको आसा?"

मी फोटो परत गुंडाळायला घेतला.

"नीलेश, ह्यां माझां काम," काका म्हणाले. "ती तर इकडे नव्हतीच." मग मला म्हणाले, "किती दिवस गो?"

"चार महिने."

"माका कित्याक सांगलंस नाय?"

"तुमची खुर्ची गेली असती, काका."

"खुर्ची!" ते ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "गिऱ्हाइकाच्या तोंडाक मी कधी खोटां केलंय नाय. आणि तू माझ्याच तोंडार पावडर मारीत बसलंस?"

डबा टेबलावर तसाच ठेवून ते निघून गेले. मी मूळ फाइल उघडली आणि त्या मुलीचे डोळे परत बसवले. फोटो वेळेवर हॉलच्या दारात लागला. काका लग्नाला आले नाहीत, माझा फोनही त्यांनी घेतला नाही. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, कारण त्या बटणाला खुर्ची लागत नाही.

तीन महिन्यांनी ते आले, काळा चष्मा लावून. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढला. दुसऱ्यात काचबिंदू, त्या डोळ्याचं जे गेलं ते परत येत नाही, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. मग चष्मा काढून दाराच्या उजेडात माझ्याकडे बघत राहिले.

"तुझ्या गालार एवढे खड्डे आसत?"

"पहिल्यापासून आहेत, काका."

"म्हणजे मी सावली जरा जास्तच हलकी केलेली," ते म्हणाले. त्यांना हसू आलं. मला मात्र रडू आवरेना. जे विचारायची हिंमत होत नव्हती ते विचारून टाकलं. "चार महिने आधी गेला असतात तर तो डोळा वाचला असता का?"

त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "मी डॉक्टराक विचारूक नाय," ते म्हणाले. "तू पण विचारू नको."

ते गावाला कायमचे निघाले होते. कुठल्याशा दाखल्यासाठी फोटो हवा होता. मी त्यांना दिव्यासमोर बसवलं. त्यांनी सवयीने डब्यातली चिमूटभर पावडर कपाळाला लावली. मी फोटो काढून स्क्रीनवर घेतला, नाकावर उरलेली थोडी चमक निववली, गालांच्या सुरकुत्यांना हात लावला नाही. काका माझ्या मागे उभे होते, पण त्यांनी स्क्रीनकडे बघितलं नाही.

"डोळ्यात ठिपको आसा?"

मी फोटो मोठा केला. "आहे. दोन्ही डोळ्यांत आहे."

"न दिसणाऱ्या डोळ्यात पण?"

"त्यातही."

"खरां सांगतंस?"

"खरं सांगते, काका."

त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मग ऱ्हवांदे तसोच."