ऑप्शनला टाकलेला धडा

बरकतपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानात ती काउंटरला असते. गोळ्यांची पट्टी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवते, पण सोडत नाही. "कधी घेणार, सांगा बरं?" गिऱ्हाइकानं नीट म्हणून दाखवलं की मगच पट्टी सुटते. परवा एक चाचा वैतागले, "अम्मा, गोळी लेने आया मैं, इम्तिहान देने नै!"

"इम्तिहान मेरा है, चाचा. आप खाली जवाब देओ."

खरंच तिचीच परीक्षा आहे. आखातात फार्मसिस्ट म्हणून काम करायचं तर तिथलं लायसन्स लागतं. दोनदा नापास झाली. पुढच्या आठवड्यात शेवटची संधी.

फार्मसी कॉलेजात ती माझी विद्यार्थिनी होती. ती का अडकली हे मला पक्कं ठाऊक होतं. रुग्णाला औषध समजावून सांगण्याचा धडा आला की दरवर्षी मी वर्गात "हा ऑप्शनला टाका" म्हणून मोकळा व्हायचो. कॉलेजच्या पेपरात तो टाळता यायचा आणि माझा निकाल झकास लागायचा. लायसन्सच्या परीक्षेत मात्र बरेचसे प्रश्न त्यावरच असतात.

काल थायरॉइडची गोळी घ्यायला गेलो आणि सांगूनच टाकलं, "तो धडा मलाच नीट येत नव्हता गं. म्हणून गाळला."

"हौ सर, आम्हाला माहीत होतं," ती हसली. पट्टी माझ्या हातात ठेवली. "कधी घेणार?"

"सकाळी, चहाबरोबर."

"चहाबरोबर नक्को, सर. उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी. परत सांगा."

मी परत सांगितलं. मगच तिनं पट्टी सोडली.